बिऱ्हाड चाकावर : मराठवाड्यातल्या मुक्कामांचा इतिहास



विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, की आज प्रवासवर्णन ऐकायला मिळणार. तसं नाही. आज आपल्याला मुक्कामाचा इतिहास बघायचाय. प्रवासाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. कोण कुठून निघालं, कुठं पोचलं, वाटेत काय पाहिलं, हे सगळं सापडतं. पण मधल्या रात्री ही माणसं कुठं टेकली, चूल कुठं मांडली, लेकरं कुठं झोपवली, आणि मुख्य म्हणजे तिथं थांबायला त्यांना कुणी 'हो' म्हटलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

आत्ता हा विषय घेण्याचं कारण सांगतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅरॅव्हॅन म्हणजे ज्या गाडीत झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर आणि संडास असतो अशी गाडी. कुटुंबानं त्यात बसायचं, तळ्याकाठी, जंगलाच्या कडेला, समुद्रावर जायचं आणि तिथंच राहायचं. अशा गाड्या उभ्या करायला कॅरॅव्हॅन पार्क, म्हणजे पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली जागा, ही कल्पनाही त्याच धोरणात आहे. केंद्र सरकारनं असा विचार त्याआधी दहाएक वर्षांपूर्वीच मांडला होता. वर्तमानपत्रांत तेव्हा आलं, की पर्यटनाची ही अगदी नवी तऱ्हा आहे.

आता परभणी जिल्ह्यात बसून 'चाकावरचं घर' ही नवी गोष्ट आहे असं म्हणायचं म्हणजे जरा धाडसच आहे. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण उगाच नाही केली. म्हणून प्रश्न असा, की यात नवं नेमकं काय आहे? चाक नवं नाही, चूल नवी नाही, उघड्यावरची रात्रही नवी नाही. मुक्कामाला तीन गोष्टी लागतात : पाणी, सावली आणि परवानगी. पहिल्या दोन निसर्ग देतो, तिसरी माणसं देतात. माझं म्हणणं असं आहे, की मुक्कामाचा इतिहास हा मुळात या तिसऱ्या गोष्टीचा इतिहास आहे.

सुरुवात लांबून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची माहिती देणारं पुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस'. त्यात आपल्या भागातली दोन गावं येतात, पैठण आणि तेर. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला उतरतो, असं तो सांगतो. बघा, अंतर दिवसांत मोजलंय. तेरपासून भडोचपर्यंत तीस दिवस, म्हणजे साधारण तेवढेच मुक्काम झाले. त्या प्रत्येक ठिकाणी बैलांना पाणी हवं, वैरण हवी, गाडीवानाला चुलीपुरतं सरपण हवं. व्यापाराच्या इतिहासात आपण मलमल आणि गोमेद मोजतो. ते मुक्काम मोजायचे राहून जातात.

तेराव्या शतकात या मुक्कामांची नोंद ठेवणारे लोक भेटतात, ते म्हणजे महानुभाव. चक्रधरस्वामी गोदावरीच्या काठानं गावोगाव हिंडले. 'लीळाचरित्रा'त त्या भ्रमंतीच्या आठवणी आहेत. पण माझ्या विषयाला त्याहून उपयोगी ग्रंथ आहे 'स्थानपोथी'. स्वामी कुठं बसले, कुठं रात्रभर राहिले, कुठं जास्त दिवस राहिले, याची ती यादी आहे. त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत : बसले ते आसन, रात्र काढली ती वसती, बरेच दिवस राहिले ते अवस्थान. मराठी गद्याच्या बाल्यावस्थेतच मुक्कामाचं इतकं बारीक वर्गीकरण झालं, हे मला फार विशेष वाटतं. आणि हे मुक्काम बहुतेक कुठं पडतात? देवळात, मठात, गावकुसाबाहेरच्या जागी. वाटसरूनं टेकायचं ते अशा ठिकाणी, जे कुणा एकाचं घर नाही. परवानगी तिथं वेगळी मागावी लागत नव्हती, ती त्या जागेतच होती.

आता तांड्याकडे येऊ. आपल्याकडं, विशेषतः जिंतूर तालुक्यात, तांडा म्हटलं की पक्क्या घरांची वस्ती डोळ्यांसमोर येते. पण तांडा या शब्दाचा मूळ अर्थ वस्ती असा नाही. तांडा म्हणजे माल लादून चालणाऱ्या बैलांचा आणि माणसांचा समूह. बंजारा हा शब्द वाणिज्याशी जोडतात, लमाण हा शब्द लवण म्हणजे मिठाशी. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये आग्रा ते पाटणा वाटेवर एक तांडा दिसला, त्यात धान्यानं लादलेले १४,००० बैल होते असं तो लिहितो. आणि आवर्जून नोंदवतो, की ही माणसं बायकामुलांसकट, सगळा संसार बरोबर घेऊन चालतात. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए यानंही अशाच हजारो बैलांच्या काफिल्यांचं वर्णन केलंय.

म्हणजे कुटुंबासह रस्त्यावर राहणं ही इथं हौस नव्हती, तो धंदा होता आणि त्याला मान होता. का? कारण राजाला त्यांची गरज होती. फौज पोटावर चालते, आणि फौजेचं पोट तांडा भरत होता. मोगलांना ते लागले, मराठ्यांना लागले, इंग्रजांनाही लागले. १८०३ मध्ये आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली. तिथं आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, लढला. त्या मोहिमेतल्या त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा आणि त्यांच्या धान्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो. अशा लोकांना 'इथं का थांबलात' असं कोण विचारणार? निजामाच्या राजधानीत तर कारवान नावाचा भागच आहे. कारवाँ, म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला. इंग्रजीतला कॅरॅव्हॅन हा शब्द याच फारसी कारवाँवरून गेलाय. आपल्याकडचा सराई हा शब्दही फारसीच, आणि मुक्काम अरबीतून आला. थांबण्याचे बरेचसे शब्द आपल्याकडं चालत आले, आणि इथंच थांबले. (हशा)

मग बिघडलं कुठं? एक कारण रेल्वे. मनमाडहून हैदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं त्याच मार्गावरची. कापूस आणि धान्य डब्यात बसून जायला लागलं, तसे तांड्याचे बैल रिकामे झाले. देशात इतरत्र हे पन्नास वर्षं आधीच सुरू झालं होतं.

दुसरं कारण जास्त खोल गेलं, ते म्हणजे कायदा. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडं लागू झाला, १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. माणसानं काही केलंय की नाही ते बघायचंच नाही, तो कुठल्या जमातीत जन्मला ते बघायचं. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो, पण तशाच धर्तीचे नियम तिथंही आले. जो माणूस कालपर्यंत फौजेला धान्य पुरवत होता, तो आज गावाबाहेर उतरला की पाटील पोलिसांना कळवायला लागला.

गंमत म्हणा की क्रूरता म्हणा, याच काळात दुसराही एक वर्ग तंबू घेऊन हिंडत होता, साहेब लोकांचा. सालारजंगानं १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, जिल्ह्यावर तालुकदार नेमले. आजच्या भाषेत कलेक्टर. हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघायचा. डेरे, कनाती, राहुट्या, खानसामा, घोडे. तळ पडायचा तो आमराईत, विहिरीजवळ. म्हणजे पाणी आणि सावली तीच. एकाच आमराईत, एकाच महिन्यात, एकाच्या तंबूला सलाम आणि दुसऱ्याच्या पालाला हुसकावणी.

या दोघांच्या मधे तिसरा मुक्काम आहे, आणि इथल्या बहुतेकांच्या घरात त्याची आठवण असेल. तो म्हणजे शेतकरी कुटुंबाचा, यात्रेचा. रास घरात आली की गाडी जुंपायची. कमट्या वाकवून वर तट्ट्या नाहीतर घोंगडी, खाली कडबा, त्यावर वाकळ. आखाला वंगण. बरोबर दशम्या, धपाटे, तेलतिखट, ठेचा. गंगाखेडला गोदावरीत आंघोळ आणि जनाबाईचं दर्शन, मुद्गलला नदीच्या पात्रातलं देऊळ, नाहीतर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा. रात्र पडली की नदीकाठी नाहीतर देवळाजवळ गाड्या सोडायच्या, जू टेकवायचं, तीन दगडांची चूल. लेकरं गाडीत, गडीमाणसं गाडीखाली. कौटुंबिक कॅम्पिंग म्हणून आज जे विकलं जातं, त्याहून हे वेगळं काय होतं?

माळेगावची यात्रा या विषयात फार महत्त्वाची आहे. घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार तिथं भरतो. आणि घिसाडी, वैदू, मसणजोगी अशा किती तरी भटक्या जमाती तिथं एकत्र येतात. सोयरिकी तिथं जुळतात, भांडणं तिथं मिटतात. वर्षभर ज्यांना कुठंच पत्ता नसतो, त्यांचा तेवढे दिवस पत्ता असतो : माळेगाव. परभणीत फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, तेव्हाही लांबलांबची कुटुंबं येऊन राहतात. आषाढी जवळ आली, की शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी अशी पायी जाते आणि गावंच्या गावं तिच्या मुक्कामाची वाट बघतात. यात्रा, उरूस, वारी या निमित्तानं समाजानं एक परवानगी तयार ठेवली होती. देवाचं नाव घेऊन थांबणाऱ्याला उठवायचं नाही.

आता जरा बाहेर बघू, म्हणजे आपलं जास्त नीट दिसेल. इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा आरमारातून निवृत्त झालेला डॉक्टर होता. त्यानं १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून घोड्यांनी ओढायचं चाकावरचं घर बनवून घेतलं. नाव ठेवलं 'द वाँडरर', म्हणजे भटक्या. त्यातून तो स्कॉटलंडपर्यंत हिंडला, पुस्तक लिहिलं, आणि स्वतःला सभ्य जिप्सी म्हणवून घेतलं. हौशी कॅरॅव्हॅनची सुरुवात त्याच्यापासून धरतात. १९०७ मध्ये तिथं कॅरॅव्हॅन क्लब निघाला.

त्यानं कल्पना उचलली कुणाची? जिप्सींची, म्हणजे रोमा लोकांची. आणि रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, हे भाषाशास्त्रानं दाखवून दिलंय. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही पानी म्हणतात. त्यांचे आकडे ऐका : येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. तेव्हा कॅरॅव्हॅन आपल्याकडं पश्चिमेकडून आली म्हणताना एवढं तरी लक्षात ठेवू, की ती तिथं ज्यांच्यामुळं रुजली, त्यांच्या भाषेतलं पाणी आपल्या पाण्यासारखंच आहे.

पण पुढची गोष्ट ऐका. १९६० मध्ये ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनच्या जागांना परवाना लागेल असा कायदा झाला. सामायिक जमिनींवर कॅरॅव्हॅन लावायला बंदी घालायचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. सुट्टीवर येणाऱ्या कुटुंबांसाठी परवानाधारक जागा होत्या. जिप्सी पिढ्यान्‌पिढ्या जिथं उतरायचे, त्या जागा मात्र बंद झाल्या. इतकी कोंडी झाली, की १९६८ मध्ये दुसरा कायदा करून जिप्सींना जागा देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक करावं लागलं. आणि १९९४ मध्ये ते बंधन काढूनही टाकलं. सांगायचा मुद्दा एवढाच, की हौशी मुक्कामाची सोय होताना गरजेच्या मुक्कामाची जागा गेली. हे तिथं घडून गेलेलं आहे.

परत आपल्याकडं येतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, तो विमुक्त दिन. महाराष्ट्राच्या मूळ यादीत १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती होत्या. आणि आपल्याच परभणीत, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला आज वसंतराव नाईकांचं नाव आहे. तांड्यात जन्मलेला माणूस या राज्याचा अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होता. ही छोटी गोष्ट नाही.

पण कायदा गेला तरी कागद राहिला. या जातींच्या माणसाला आज जातीचं प्रमाणपत्र काढायचं असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. विचार करा. ज्याचा आजा पाल टाकून आठ आठ दिवसांनी गाव बदलत होता, त्यानं त्या आज्याचा पत्ता आणायचा. जमात भटकी आहे म्हणून सवलत, आणि भटकत नव्हता असा पुरावा दिला तरच सवलत. रेणके आयोगानं २००८ मध्ये केंद्राला अहवाल दिला, त्यात घर, ओळखपत्र, रेशनकार्ड नसण्याचे हे प्रश्न सविस्तर आले. तेव्हापासून आजवर प्रश्नाचं वय वाढलं.

आणि आजही दरवर्षी दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून चाकावरची बिऱ्हाडं निघतातच. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, तट्टे, ज्वारीची पोती, कोंबड्या, शेळी, आणि सगळ्यात वर बसलेली लेकरं. ऊसतोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. टोळी गाडी सेंटरला असेल तर बैल घरचे, टायरगाडी कारखान्याची. कारखान्याच्या आसपास मोकळ्या रानात कोपी घालायची. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, हाच मुक्काम.

यांना पाणी कुठून मिळतं? मिळेल तिथून. संडास? नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, एक दिवस खाडा केला तर पैसे कापतात, या सगळ्याची किंमत शरीरानं चुकवायची. मुक्कामाच्या जागी नळ आणि संडास असणं ही चैन नाही, हे यावरून समजावं.

आता बघा, आपल्यासमोर दोन कुटुंबं आहेत. दोघांचंही घर चाकावर आहे. दोघंही पाण्याजवळ थांबतात. एकाला आपण पर्यटक म्हणतो, त्याच्यासाठी धोरण आहे. दुसऱ्याला स्थलांतरित म्हणतो, त्याच्यासाठी रान आहे. पहिल्या कुटुंबाबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. उलट लेकरांना घेऊन येलदरीच्या पाण्याकाठी एक रात्र काढावी, तारे बघावेत, पिठलं-भाकरी करून खावी, हे मला मनापासून आवडतं. सगळ्यांनी करावं.

पण त्यांच्यासाठीसुद्धा सोपं काही नाही. पूर्वी परवानगी गाव देत होतं, आता ती खात्यांत वाटली गेलीय. आपल्याकडची तळी म्हणजे बहुतेक धरणंच. येलदरी घ्या, पूर्णा नदीवरचं, १९६० च्या दशकातलं. तिथं पाण्याची कडा पाटबंधाऱ्याची. जंगलात जाल तर १९२७ चा वन कायदा, राखीव वनात विस्तव पेटवणं हा गुन्हा. समुद्रावर जाल तर १९९१ पासूनचे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत. यातले बरेच नियम योग्य कारणांसाठी आहेत. जंगल जळू नये, किनाऱ्यावर हॉटेलं चढू नयेत, हे बरोबरच. पण परिणाम असा, की जिच्यावर कुणीही एक रात्र टेकू शकेल अशी जमीन कमी कमी होत गेली. गायरानांवर अतिक्रमणं झाली. आमराया तुटल्या. रस्ते रुंद करताना कडेची वडाची, चिंचेची झाडं गेली. आणि उरलेल्या मोकळ्या जागेला आता तिकीट लागणार.

म्हणून शेवटी एक मागणी करतो. इतिहासाच्या अभ्यासकानं मागणी करू नये असा एक संकेत आहे, तो आज मोडू. उद्या आपल्या जिल्ह्यात कुठं असा पार्क झाला, येलदरीला होईल, गोदावरीच्या काठी होईल, तर त्याच्या आराखड्यात दोन ओळी जास्त घाला. एक, की तिथला पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांची स्वच्छतागृहं रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला मोकळी असतील, मग ते गाडीतून उतरो, ट्रॉलीतून उतरो की दिंडीतून चालत येवो. दोन, की धनगराचा वाडा किंवा घिसाड्याची पालं वर्षानुवर्षं जिथं उतरतात ती जागा पार्कसाठी घेणार असाल, तर आधी त्यांना विचारा आणि शेजारी तेवढीच जागा राखून ठेवा. खर्च फार नाही. आराखडा कागदावर आहे तोवर हे सोपं असतं, कुंपण पडल्यावर नाही.

मघाशी म्हटलं ना, मुक्कामाला तीन गोष्टी लागतात. त्यातलं पाणी आणि सावली तयार करायला आपल्याला वर्षं लागतात. झाड लावा, मग दहा वर्षं थांबा. तिसरी गोष्ट, म्हणजे परवानगी, ती ग्रामसभेच्या एका ठरावानं देता येते. तुमच्यातले बरेच जण आपापल्या गावच्या ग्रामसभेत बसतात. दसऱ्याच्या आधी एक सभा होईल, तिथं हा विषय काढा.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.